डाव्या जबड्याचा दुखवटा

माझ्या डाव्या जबड्याचं हाड दाढ काढल्यापासून दुखवट्यात आहे आणि भेटायला कुणी फिरकलं नाही म्हणून ते नवीन हाड धरून घेत नाही, असं डॉक्टर उपळेकरांनी मला एक्स-रे दाखवून सांगितलं. दाढेच्या खड्ड्यात नवीन हाड म्हणून भरलेली हाडाची भुकटी जशीच्या तशी पडून होती.

"असंच झिजत राहिलं तर खालच्या नसेला जाऊन टेकेल," डॉक्टर म्हणाले. "मग नवीन दाढ बसवायला जागाच उरणार नाही. चार माणसं आणा. सांत्वन झालं की धरेल."

मी म्हणालो, माझ्याकडे चार माणसं नाहीत. हे खरंच होतं. गेल्या वर्षी हेमांगी, माझी बायको, गेली तेव्हा नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली होती. तिचा सख्खा भाऊ विद्याधर मिरजेहून सांगलीला येऊ शकला नव्हता. त्याच्याकडे फरशीचं काम निघालं होतं.

डॉक्टरांनी व्यवस्था केली. हाडाला भेटायला येणाऱ्याचे दात फुकट साफ करून मिळतील, असा दवाखान्यातर्फे निरोप गेला. शनिवारी बाहेरच्या खुर्च्या पुरल्या नाहीत.

मला आडवं करून तोंड उघडं ठेवायला सांगितलं. मंडळी पांढऱ्या कपड्यांत भोवती बसली. रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. चहा नाही, बराच वेळ बोलणं नाही, मग एकेकाने माझ्या तोंडात वाकून विचारायचं, कसं झालं. हाड दबक्या आवाजात प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होतं. आधी नुसतं ठणकायचं, कुणी मनावर घेतलं नाही, कळलं तेव्हा मुळापर्यंत गेलं होतं. नात्यातल्या सुलूकाकू रडल्या. हेमांगीच्या वेळी त्यांचा गुडघा धरला होता. मला काही बोलता आलं नाही. जिभेखाली लाळ ओढणारी नळी होती.

विद्याधर सगळ्यांत जास्त वेळ बसला. दाढेने इतकी वर्षं साथ दिली, तक्रार म्हणून केली नाही, असं तो हाडाला म्हणाला. मग घड्याळ बघून उठला आणि सवयीने बोलून गेला, "बराय, येतो."

दुखवट्याच्या घरून माणूस न सांगता उठतो. येतो म्हणणं म्हणजे अशाच कामाला पुन्हा येईन म्हणणं. सुलूकाकूंनी कपाळाला हात लावला. शेजारची दाढ हलू लागली. हिरडी मागे सरली आणि सगळी भुकटी टाक्यांतून बाहेर सांडली.

"मुद्दाम नाही हो म्हटलं," विद्याधर म्हणाला. "आणि माझी सफाई राहिलीय अजून."

ती करून देण्यात आली.

मंडळी गेल्यावर डॉक्टरांनी माझ्या टाळूचा तुकडा काढून हिरडीवर शिवला. टाळू हिरडीच्या नात्यातली, ती सोबतीला राहील, असं त्यांचं म्हणणं पडलं. भुकटी पुन्हा भरली. ही धरली नाही तर पुढे काही करता येणार नाही, हेही सांगितलं.

घरी आलो तेव्हा भूल उतरत होती. आता हाडापाशी बसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच बसलो, जेवणाच्या टेबलाशी. रिवाजाप्रमाणे काही बोललो नाही. समोर हेमांगीची खुर्ची होती. तिच्यावर रद्दी साठली होती.

बऱ्याच वेळाने हाडाने विचारलं, "वहिनींचं कसं झालं?"

मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. मी पहिल्यापासून सांगितलं. आधी नुसती दमायची, तिथपासून. हाड मध्ये बोललं नाही, समजूत घातली नाही. माझं संपल्यावरही ते तसंच बसून राहिलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडाने भुकटी धरली होती. टाळूही हिरडीत मिसळून गेली होती. शेजारची हलणारी दाढ मात्र काढावी लागेल, ते म्हणाले. मंडळींना आधीच कळवून ठेवू का?

मी म्हणालो, नको. आम्ही दोघं बसू.