अठ्ठावीस नंबरचा गोलकीपर

"माझे पैसे बुडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं म्हणून कडकशेठनी छातीवर हात मारला. त्यांच्या हातात इस्त्री होती. सुदैवाने ती दुसऱ्या हातात होती, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

कडकशेठ म्हणजे आपले लाँड्रीवाले. शर्टाला खळ अशी घालायचे की शर्ट माणसाशिवायही उभा राहावा, म्हणून हे नाव. स्वभावाने मात्र माणूस अगदीच मऊ! गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, पुढच्या महिन्यात देतो हं," की हे लगेच म्हणणार, "काही घाई नाही!" फुटबॉल क्लबला त्यांनी ओळीने चौदा महिने "काही घाई नाही" म्हटलं. बिल झालं तीन लाख ऐंशी हजार, आणि सोमवारी क्लबने दिवाळं काढलं.

क्लबच्या चिखलासाठी म्हणून त्यांनी तीस किलोचं धुलाई मशीन हप्त्यांनी घेतलं होतं. पहिली रक्कम भरायला वहिनींनी आपली मुदत ठेव मोडली होती. वहिनी म्हणजे शेठची बायको. सगळे तिला वहिनी म्हणतात, आपणही म्हणू. मशीन चालवायच्या त्याच. मॅच न बघता नुसत्या डागांवरून त्या सांगायच्या, "आज डावा बचाववाला उजव्या मांडीवर दोनदा घसरलाय." नऊ नंबरच्या जर्सीवर मात्र कधी चिखल नसायचा. तो क्लबचा गोल करायचा माणूस, आणि सबंध मोसमात त्याने एकही गोल केला नव्हता. सगळ्यात स्वच्छ जर्सी अठ्ठावीस नंबरची. तिची तर घडीसुद्धा मोडलेली नसायची. वहिनी म्हणायच्या, "हा मुलगा कुणाचा असेल तो असो, फार नीटनेटका आहे हो!"

मशीनचे तीन हप्ते थकले होते. मशीनवाला दुकानात येऊन सांगून गेला होता, "शनिवारपर्यंत निदान एक हप्ता, सात हजार. नाहीतर टेम्पो घेऊन येतो."

"सात हजार?" कडकशेठ हसले. "क्लबकडून तीन लाख ऐंशी हजार यायचेत! उद्याच सभा आहे. आणतो की नाही बघ!"

वहिनींनी फक्त आपल्या भावाला फोन करून शेठबरोबर जायला सांगितलं. हा मेहुणा एकदा कुठल्याशा खटल्यात साक्षीदार होता, तेव्हापासून त्याला सगळे कायदे येत.

सभा क्लबच्याच हॉलमध्ये होती. बसायच्या दोन रांगा मांडलेल्या. उजवीकडच्या खुर्च्यांना गाद्या होत्या आणि तिकडे खेळाडू बसले होते. डावीकडे लाकडी बाकं, त्यांवर कडकशेठ, पाववाल्या काकू, ॲम्ब्युलन्सवाला आणि अशीच सगळी उधारीवाली मंडळी. समोर क्लबचा कारभार आता ज्यांच्या हाती आला होता ते प्रशासक. आवाज इतका सौम्य, की वाईट बातमीही गोड वाटावी.

"ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांना धनको म्हणतात," ते म्हणाले. "उजवीकडे फुटबॉलचे धनको. त्यांना पूर्ण पैसे मिळतील. डावीकडे बाकीचे धनको. त्यांना शंभराला दोन."

"दोन काय?" पाववाल्या काकूंनी विचारलं.

"दोनच."

"आणि वरचे अठ्ठ्याण्णव?"

"ते विसरायचे."

बाकावर एकच कल्लोळ उठला. कडकशेठ उभे राहिले. "साहेब, त्या नऊ नंबरने वर्षभर गोल केला नाही. गोल न करण्याचे पूर्ण पैसे, आणि माझ्या धुण्याचे शंभराला दोन?"

नऊ नंबर आपल्या बुटांकडे बघू लागला.

"फुटबॉल संघटनेचा नियम आहे," प्रशासक समजुतीने म्हणाले. "खेळाडूंचे पूर्ण पैसे दिले नाहीत, तर क्लबला लीगमध्ये खेळू देत नाहीत."

"नको खेळू दे!"

"मग क्लबची किंमत शून्य. मग तुम्हाला दोनही मिळणार नाहीत."

"म्हणजे आमचे दोन वाचावेत म्हणून आमचे अठ्ठ्याण्णव त्यांना द्यायचे?"

"अगदी बरोबर!"

"काय बरोबर?"

"तुम्ही म्हणालात ते."

आपण काय म्हणालो ते कडकशेठना आठवेना. ते खाली बसले. प्रशासकांनी खेळाडूंची यादी वाचायला घेतली. एक नंबर, दोन नंबर, असं करत करत ते अठ्ठावीसवर आले. "अठ्ठावीस, तिसरा गोलकीपर," असं म्हणून त्यांनी एक नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते कडकशेठचं नाव होतं!

मेहुण्याने असं कोपर मारलं, की शेठचा चष्मा नाकावरून घसरला. "भाऊजी, हे तर तुम्ही!"

मग हळूहळू उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी मोसम सुरू व्हायच्या दिवशी कडकशेठ कपड्यांचं गाठोडं घेऊन क्लबमध्ये गेले होते. प्रशिक्षक हातात कागद घेऊन सैरावैरा धावत होते. यादीत तीन गोलकीपर लागतात, तिसरा आदल्या रात्री सोडून गेलेला, आणि कागद द्यायला उरली होती दहा मिनिटं. "शेठ, नावापुरती एक सही करा हो!" नाही म्हणणं कडकशेठना जन्मात जमलेलं नव्हतं. सही केली, गाठोडं ठेवलं, घरी आले, विसरले. ती अठ्ठावीस नंबरची नीटनेटकी जर्सी त्यांचीच होती!

"मी खेळाडू आहे!" कडकशेठ ओरडले.

"भाऊजी, मारा उडी त्या रांगेत!"

"पण एकाच रांगेत बसता येईल," प्रशासक म्हणाले. "तिकडे जायचं तर लाँड्रीचं बिल मागे घ्यावं लागेल."

"दोन डगरींवर पाय नकोच," मेहुणा म्हणाला. "शंभराला दोनवाल्या बिलाला काय चाटायचंय?"

कडकशेठनी लाल पेनने तीन लाख ऐंशी हजारांवर काट मारली, खाली सही केली आणि गादीच्या खुर्चीवर जाऊन बसले. पाववाल्या काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जसं काही त्यांनी भर मैदानात पक्ष बदलला. त्या नजरेने कडकशेठना वाईट वाटलं, पण गादी खरोखर मऊ होती.

घरी वहिनींनी सगळं दोनदा ऐकलं. "तुम्ही गोलकीपर? अहो, मी किल्ली फेकली तर तुम्हाला पकडता येत नाही!"

"पकडायचंय कुणाला? पैसे घ्यायचेत!"

बुधवारी क्लबचं पत्र आलं. पहिल्या पानावर सव्वीस महिन्यांचा पगार, पूर्ण! कडकशेठनी वहिनींना हाक मारली, मेहुण्याला फोन लावला आणि मगच पान उलटलं. दुसऱ्या पानावर कपात होती. सरावाला गैरहजर, सहाशे अकरा दिवस, दर दिवसाला दंड. ठरलेल्यापेक्षा वजन जास्त, त्याचा वेगळा दंड. वजाबाकी करून कडकशेठनीच क्लबला एक्केचाळीस हजार द्यायचे निघत होते. आणि तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की क्लबने आपले तिन्ही गोलकीपर नदीपलीकडच्या क्लबला ठोक भावात विकले असून, सोमवारी सकाळी सहाला सरावासाठी हजर राहावे.

"विकलं?" वहिनी म्हणाल्या. "मला न विचारता?"

कडकशेठना काहीच कळेनासं झालं. सोमवारी त्यांचे पैसे यायचे होते. मंगळवारी ते खेळाडू झाले. बुधवारी कर्जबाजारी झाले, वर विकलेही गेले! आणि शनिवार तर तोंडावर आला होता.

गुरुवारी ते प्रशासकांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, मला परत लाँड्रीवाला करा. शंभराला दोन चालतील. सात हजार सहाशे होतात, माझा हप्ता निघतो!"

"चेक मी शनिवारीच देईन," प्रशासक म्हणाले. "दंडही रद्द होईल. पण आधी तुम्ही खेळाडू नाही, हे सिद्ध करावं लागेल."

"माझ्याकडे बघा ना!"

प्रशासकांनी बघितलं. पोटाशी नजर जरा रेंगाळली. "दिसण्याबद्दल नियम नाही," ते खेदाने म्हणाले. "चाचणी आहे. गोलसमोर उभं राहायचं. गोलवर आलेले पाच चेंडू. पाचही आत गेले तर तुम्ही खेळाडू नाही. एक जरी अडवलात, तर गोलकीपर."

कडकशेठना इतका आनंद झाला, की त्यांनी प्रशासकांचा हात धरून हलवला. न अडवणं! याच्याइतकं सोपं काम त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. "मारणार कोण?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"क्लबचाच खेळाडू लागतो. आता एकच उरलाय. त्याला कुणी विकत घेतला नाही."

तो नऊ नंबर होता.

शनिवारी सकाळी मैदानावर चिखल होता. कडकशेठ अठ्ठावीस नंबरची जर्सी घालून गोलमध्ये उभे राहिले. ती पोटावर इतकी ताणली गेली, की दोन आणि आठ एकमेकांपासून लांब गेले. संघटनेचे निरीक्षक शिट्टी घेऊन आले होते. बाजूला मेहुणा, प्रशासक आणि पाववाल्या काकू. काकूंना गंमत बघायची होती, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"बाबा रे," कडकशेठ नऊ नंबरला म्हणाले, "माझं मशीन जातंय. पाच गोल कर!"

"शेठ, तुमच्यासाठी जीव टाकतो," नऊ नंबर म्हणाला. पोरगा मनाचा चांगला होता.

पहिला चेंडू गोलच्या वरून रस्त्यावर गेला. "बाहेरचा धरत नाही, पुन्हा!" निरीक्षक ओरडले. दुसरा कोपऱ्यातल्या झेंड्याला लागला. तिसरा खांबाला. चौथ्याच्या वेळी नऊ नंबरचा बूटच गोलमध्ये गेला आणि चेंडू जागेवर राहिला.

"बूट धरा ना!" मेहुणा म्हणाला.

"बूट धरत नाही!"

अकरा चेंडू झाले. एकही आत नाही, एकही अडवलेला नाही. नऊ नंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेठ, वर्षभर असंच होतंय हो माझं!"

"अरे, काही घाई नाही!" कडकशेठ सवयीने म्हणाले. "उजवीकडे मार, मी डावीकडे पळतो. सगळा गोल तुझा!"

नऊ नंबर दहा पावलं मागे गेला, डोळे मिटले आणि धावत आला. कडकशेठ जिवाच्या आकांताने डावीकडे पळाले, चिखलात पाय सटकला आणि उजव्या मांडीवर घसरत थेट परत उजवीकडे आले! नऊ नंबरने त्या मोसमात पहिल्यांदाच गोलच्या दिशेने मारलेला चेंडू सणसणत आला आणि त्यांच्या पोटावर आदळून तिथेच विसावला.

मग पाववाल्या काकूंनी टाळी वाजवली. त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"वा!" निरीक्षक म्हणाले. "काय अंदाज! आधी हूल दिली डावीकडची!" आणि त्यांनी तिथल्या तिथे दाखला लिहून दिला: सदर इसम अस्सल गोलकीपर असून कोणत्याही क्लबतर्फे खेळण्यास पात्र आहे. प्रशासकांनी सात हजार सहाशेचा चेक खिशात परत घातला. दंडाचं मात्र त्यांनी सोपं करून दिलं. नवा क्लब दरमहा अर्धा पगार कापून घेईल, म्हणाले.

कडकशेठ चिखलातच लाँड्रीकडे निघाले. दारात टेम्पो उभा होता. मशीनवाल्याची दोन माणसं मशीनचा पाइप काढत होती, आणि वहिनी हात बांधून भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी शेठकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. कितीही बिनघोर असला, तरी बायकोची ठेव आपण बुडवली हे माणसाला लागतंच.

"शेठ, आणले सात हजार?" मशीनवाल्याने विचारलं.

कडकशेठनी ओला दाखला पुढे केला. मशीनवाल्याने तो वाचला, पुन्हा वाचला आणि माणसांना थांबायची खूण केली.

"म्हणजे तुम्ही फुटबॉलवाले?"

"हो. म्हणजे तसं नाही, पण आता... हो. सोमवारपासून पगार आहे. अर्धा कापून."

"आधी नाही का सांगायचं!" मशीनवाल्याने स्वतः खुर्ची पुढे ओढली. "बसा, बसा! लाँड्रीवाल्याचा काय भरवसा हो? फुटबॉलवाल्यांचे पैसे कधी बुडत नाहीत! क्लबमध्ये माझे स्वतःचे शंभराला दोन झालेत, मला चांगलं माहीत आहे. तीन महिने थांबतो मी. पाइप लावा रे परत!"

टेम्पो गेला. दहा वर्षं प्रामाणिकपणे कपडे धुऊन जी पत मिळाली नव्हती, ती एका घसरण्याने मिळाली होती. हे चांगलं झालं की वाईट, हे कडकशेठना ठरवता येईना. शेवटी त्यांनी जर्सी काढली आणि वहिनींपुढे धरली.

"एवढी धुऊन टाक. सोमवारी सहाला जायचंय."

वहिनींनी उजव्या बाजूचा डाग बघितला, पोटावरचा गोल ठसा बघितला आणि जर्सी दोन बोटांनी उचलून शेठच्या हातात परत दिली.

"क्लबचे कपडे ना? आधी पैसे!"