शिरसकोंडचा कोरडा साकव

लोकशाहीचा पाया म्हणजे संमती, आणि संमती मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर घेणे. या बाबतीत खेड तालुक्यातलं शिरसकोंड हे गाव देशाच्या बरंच पुढे आहे. तिथे कुठलंही काम काढायचं झालं, की आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं लांबवत म्हणतो आणि प्रत्येक मागण्यापाठी जमलेले सगळे हात जोडून, एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. ही रीत इतकी अंगवळणी पडली, की माजी सरपंच विनीतशेठ यांनी ती ग्रामसभेलाही लावून दिली. तेव्हापासून ठराव गाऱ्हाण्याच्या चालीवर वाचले जातात आणि शंभर टक्के मतांनी मंजूर होतात. (एका वर्षी एकशे चार टक्के झाले. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले होते.)

अशा या गावाचं सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झालं आणि वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, कातकरवाडीत माणसं राहतात, हे गावाच्या लक्षात आलं. तोवर तिथे नुसते बागांचे राखणदार आणि विहिरी उपसणारे राहतात, असा समज होता. त्यांतल्या भिवा हिलमची बिनविरोध निवड झाली, कारण तो आजवर कोणालाच नाही म्हणाला नव्हता. हार घालताना विनीतशेठ त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "भिवा, तुला काय करायचा नाय. निस्ता नारळ फोडायचा. बाकीचा आमी बघतो."

"व्हय म्हाराजा," भिवा म्हणाला.

त्याने पहिल्या वर्षी इतके नारळ फोडले, की त्याची कारकीर्द तालुक्यात सर्वांत कार्यक्षम गणली गेली.

भिवाला मात्र एकच काम करून हवं होतं. वाडी आणि गाव यांच्या मधल्या वहाळाला आषाढात छातीभर पाणी येतं. भिवाची बायको शकू हिचं पहिलं मूल याच वहाळाच्या काठावर, पाणी उतरायची वाट बघताना गेलं. पावसात वहाळाचा आवाज वाढला की भिवा ताटावरून उठून काठाशी जाऊन बसे. आता लेक संध्याचं लग्न झालं होतं आणि आज ना उद्या तीही पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. हार गळ्यात घेऊन भिवा घरी आला तेव्हा शकू म्हणाली, "ह्यो हार काय कालवणात घालू? आदी वहाळावर साकव घाला."

साकव म्हणजे माणसं पायी जातील एवढा पूल. भिवाने खेडला खेटे घातले आणि तो मंजूर करून आणला. जागेची पाहणी करायला साहेब आले. वहाळ त्यांना आवडला, परंतु तिथवर गाडी जात नव्हती, मंडप घालायला सपाटी नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, आणि मुख्य म्हणजे मध्ये पाणी होतं, ज्याने पुलाच्या कामात व्यत्यय येतो. उलट डांबरी रस्त्यालगत, विनीतशेठच्या हापूसच्या कलमांपाशी, या सगळ्या सोयी होत्या आणि पाण्याचा थेंब नव्हता. अभियांत्रिकीच्या दृष्टीने एवढी निर्धोक जागा सापडणं कठीण.

ग्रामसभेत ठराव विनीतशेठनी वाचला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा एका ठिकानी जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"कातकरवाडीसाटी साकव मंजूर झालाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तो रस्त्याकडेच्या कलमांजवळ बांदून घे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज भिवाचा होता. साकव हा शब्द कानावर पडताच त्याला भरून आलं होतं. शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं ते घरी जाताना, वहाळात कमरेएवढ्या पाण्यात. तो तिथेच थांबला.

"तुमी काय बोल्लाव?" शकूने विचारलं.

"व्हय म्हाराजा."

"कशापायी?"

"सगलीच बोल्ली."

शकूने त्या दिवशी त्याला नुसता भात वाढला.

भिवाने वरती दाद मागितली. कार्यालयाने सहानुभूतीपूर्वक विचार केला. कातकरवाडीला एक साकव दिलेला असल्याने दुसरा देणं हा साकव नसलेल्या वाड्यांवर अन्याय ठरला असता. म्हणून तीन पर्याय सुचवण्यात आले: वहाळ वळवून साकवाखाली आणावा, वाडी उचलून वहाळाच्या अलीकडे आणावी, किंवा आहे त्या साकवाकडे सकारात्मक दृष्टीने बघावं. वहाळाने सहकार्य केलं नाही. वाडी हलवणंही जमलं नाही, कारण घरांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असल्याने वाडी तिथे आहे असं म्हणता येत नव्हतं, आणि जे नाही ते हलवणार कसं? तिसरा पर्याय एकमताने स्वीकारला गेला. साकवाला रंग दिला, दिव्यांच्या माळा सोडल्या, 'आय लव्ह शिरसकोंड' अशी लाल बदामाची पाटी लावली. आंजर्ल्याला गणपतीच्या दर्शनाला निघालेले लोक गाड्या थांबवून तिथे फोटो काढू लागले.

उद्घाटनाला गाऱ्हाणं घालायचा मान सरपंच म्हणून भिवाला मिळाला. त्याने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि चाल बरोबर धरली.

"जवर ह्या साकवाखाली पानी येत नाय, तवर आमच्या वाडीतला अडलेला मानूस ह्या गाववाल्यांच्या खांद्यावरना वहाळ उतरू दे..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला, आणि मग आपण काय बोललो ते एकमेकांना विचारू लागला.

देवापुढे दिलेला शब्द मोडता येत नाही. तो फक्त तपासून घेता येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी कौल लावला. देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडलं, म्हणजे शब्द पाळायचा. गावाने नम्रपणे फेरविचाराची विनंती केली. पुन्हा उजवीकडेच. मग उकडतंय म्हणून देवळात पंखा आणून लावला, तेव्हा फूल डावीकडे पडलं. अशा रीतीने देवही एकमतात सामील झाला आणि गाव मोकळं झालं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या संध्याचे दिवस भरत आले ते नेमके श्रावणात, आणि त्याच सुमारास, ऑगस्टमधल्या आदिवासी दिनाला, खेडच्या सभागृहात भिवाचा सत्कार ठरला. त्याच्या डोक्यावर पिसांचा टोप चढवून हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. (कातकऱ्यांत असा टोप कोणी घालत नाही. तो शाळांच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातला होता.) या भूमीचे मूळ मालक म्हणून पाहुणे त्याच्याकडे हात करत असतानाच, रेंजसाठी वाडीमागच्या टेकाडावर चढलेल्या शकूचा फोन आला.

"संध्याला कळा सुरू झाल्या. वहाळ भरलाय. येताव काय भाषान ऐकताव?"

भिवा उठला. सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाला, "सरपंचसाहेब आभारप्रदर्शनापर्यंत थांबणार आहेत ना?"

"नाय," भिवा म्हणाला.

उत्तर म्हणून हा शब्द त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच उच्चारला गेला. सभागृहाला सवय नसल्याने टाळ्या पडल्या.

तो रिक्षाने गावात पोचला आणि वहाळ ओलांडून वाडीत गेला. घोंगडीची डोली करून त्याने आणि वाडीतल्या तिघांनी संध्याला पाण्यात उतरवलं. टोपाची गाठ भिजून आवळली होती, सोडवायला हात मोकळा नव्हता. अलीकडच्या काठावर अख्खा गाव उभा होता, प्रत्येकाचा हात वर. हातात मोबाईल होते. "भिवा, जरा हिकडं बघ," कोणीतरी ओरडलं. भिवा डोळ्यांसमोर फक्त लेकीचा चेहरा ठेवून चालत राहिला. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

वहाळ पार झाला, डांबरी रस्ता लागला, पण ॲम्ब्युलन्स आली नव्हती आणि पाऊस आडवा मारत होता. आसपास कोरडी जागा एकच होती. साकवाखाली, तासाभरात, संध्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप. भिवा टोपासकट पोरासारखा रडला. पंचायतीच्या अहवालात साकवाचे प्रत्यक्ष लाभार्थी म्हणून माय-लेकींची नोंद आहे.

पुढच्या ग्रामसभेत नवा ठराव आला: वहाळावर कधीही साकव घालू नये आणि डोलीची थोर परंपरा जतन करावी. विनीतशेठनी चाल धरण्याआधीच भिवा उभा राहिला आणि म्हणाला, "नाय." गावाची पंचाईत झाली, कारण एकमत मोडलं होतं. तेव्हा विनीतशेठनी मोबाईल काढला. पिसांचा टोप, छातीभर पाणी, डोली: तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता आणि खाली लाखभर लोकांनी जोडलेल्या हातांची खूण पाठवली होती. साकव कुठे आहे, असं एकानेही विचारलं नव्हतं. शिरसकोंडात हात जोडण्याचा अर्थ एकच होतो, त्यामुळे ते सगळे होकार धरले गेले. विरोधात एक, बाजूने लाखभर. ठराव मंजूर.

त्यात तुमचेही हात आहेत. गेल्या श्रावणात, जेवता जेवता पाठवले होतेत. खात्री करायची असेल तर फोन उघडून बघा.