प्रभाकरकाकांच्या फांद्या

प्रभाकरकाकांसमोर कुणी साधं “पंखा बंद पडला” असंही म्हणू नये. ते खिशातून खडू काढतात, माझ्या हाटेलातल्या कडप्प्याच्या काळ्या टेबलावर एक खोड काढतात आणि त्याला दोन फांद्या फोडतात. वीज गेली, की पंखाच गेला? “फांदीत फांदी गुतू द्याची नाई,” हे वर. तोवर गिऱ्हाइकाचा चहा गार होतो आणि टेबल मलाच पुसावं लागतं.

काका पुण्यात एका मोठ्या सल्लागार कंपनीत होते. कारखानदारांच्या अडचणी सोडवायचे. काकू गेल्यावर ते आमच्या गावी, दुसरबीडला, भावाच्या रिकाम्या घरात राहायला आले. कारखानदार सुटले, आमचे दुकानदार तावडीत सापडले.

पहिला सापडला शेजारचा सलीमभाई, गादीवाला.

“गाद्या काऊन खपत नाईत?”

“लोक फोमच्या घेऊन राह्यले.”

“काऊन?”

“उचलाले हलक्या. घरं लहान झाले ना, काका.”

“घरं लहान काऊन झाले?”

“भाऊ भाऊ वेगळे झाले.”

“काऊन?”

सलीमभाईचा स्वतःच्या भावाशी कित्येक वर्षं अबोला होता. तो कापूस पिंजायचा थांबला. गाद्या काही खपल्या नाहीत, पण त्या ईदला तो भावाकडे गेला. सल्ल्याची फी म्हणून काकांना एक उशी मिळाली.

मग माझी पाळी आली. गावाबाहेरून नवा मोठा रस्ता झाला, गाड्या तिकडूनच पळू लागल्या आणि हाटेल बसलं. हे शेंबडं पोरही सांगेल. पण काका म्हणाले, “उत्तर सगळ्यायले माहीत असते, शंकर. सवाल कोणालेच माहीत नसते.” महिनाभर ते कोपऱ्यात बसून होते. कोण खायला येतो, कोण नुसता पेपर वाचून उठतो, बघत होते. मला त्यांच्या प्रश्नांचा कंटाळा आला होता. खरं तर सगळ्याचाच आला होता.

एका दुपारी त्यांनी निकाल दिला. “सवाल हाटेल कसं चालवाव हा नाईच. चालवाव का नाई, हा हाये. बंद कर. मेहकरचा साडू मेसमधी भागी देऊन राह्यला ना? जाय तिकडं. इथं तू नुसता झिजशीन.”

उभी हयात या भट्टीपुढे गेली. मनातून मला ते कधीचं ठाऊक होतं, कुणीतरी म्हणायला हवं होतं. वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं. मी हो म्हणालो आणि त्यांचं ताट वाढलं.

वाढताना ध्यानात आलं. काकांच्या घरी चूल पेटत नाही. दोन्ही वेळा ते माझ्याकडेच जेवतात. जेवण ठेवणारी बाकीची हाटेलं आधीच उठली होती.

“काका, मंग तुमच्या जेवणाचं काय?”

ते भातात वरण कालवत होते. वर पाहिलं नाही.

“सल्ला देतानी आपलं ताट मधात आणू नाई, शंकर,” ते म्हणाले. “चतकोर पोळी असंन तं दे.”