हनोखने गिळलेली हाक

एका जंगलात एक लफडं झालं, मुलांनो, आणि त्याला हनोख जबाबदार होता. नाव आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच लांडग्याला शिव्या घालत बसाल.

हनोख म्हणजे मेंढरांच्या कळपातला सगळ्यात म्हातारा एडका. वळलेली शिंगं, भारदस्त आवाज. म्हातारा झाला म्हणजे शहाणा झाला असं कळपाला वाटे. हनोखला तर फारच वाटे.

कळपात एक जुनी रीत होती. कुणी काट्यात अडकलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं. बेंऽऽ! एकट्याचा आवाज ओढ्यापलीकडे पोचत नसे, पण सगळ्यांचा गलका ऐकून मेंढपाळ धावत यायचा. काम सोपं होतं. त्यात डोकं लागत नसे, म्हणून ते बरं चाललं होतं.

एका दुपारी हनोखची नात रिबका बोरं खायला गेली आणि बोरीच्या काट्यांत लोकर गुंतून बसली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. शेवटी कळप जमला. सगळ्यांनी तोंडं उघडली.

"थांबा!" हनोख म्हणाला. "मेंढपाळाने जिला सोडवायचं ठरवलंय, तिला तो सोडवणारच. त्याच्या कृपेला कुणी अडवू शकत नाही आणि कुणी बोलावूही शकत नाही. तुम्ही कोण त्याला आठवण करून देणारे?"

"साफ चूक!" अहरोन उसळला. हा दुसरा म्हातारा एडका. हनोखने उजेड म्हटलं की हा अंधार म्हणायचा. "मेंढराला स्वतःची इच्छा असते. सुटायचं की नाही हे रिबकाने ठरवायचं. हाक तिने मारली पाहिजे."

"मारली की," रिबका घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दुपारभर मारतेय, काका. आता आवाजच फुटत नाही. तुम्ही ओरडा ना सगळे."

"आम्ही ओरडलो तर तुझी इच्छा कुठे राहिली, बाळ?"

बघा मुलांनो, जन्मभर एकाही गोष्टीवर न जमलेल्या दोन म्हाताऱ्यांचं अखेर एकमत झालं. कुणीही ओरडायचं नाही.

मग चर्चा रंगली. रिबका बोरं खायला गेली ती आपल्या मर्जीने, की ते आधीच नेमलेलं होतं? मेंढपाळ जिला ओढतो, तिला मागे पाय रोवता येतात का? कळपाचे दोन गट पडले. ऊन कलायला लागलं तसा एक लांडगा येऊन पहिल्या रांगेत बसला.

"तुमचं मत काय?" कुणीतरी विचारलं.

"मला दोन्ही बाजू पटतात," लांडगा म्हणाला. "घाई करू नका. सविस्तर होऊ द्या."

"आजोबा," रिबका म्हणाली, "तो जवळ सरकतोय."

तेव्हा हनोखच्या पोटातून एक हाक उठली. त्याने ती बोलावली नव्हती. ती आपोआप छातीतून वर आली, गळ्याशी आली, दातांवर येऊन थडकली. अडवता न येणारी गोष्ट कशी असते, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

पण अहरोन त्याच्याकडेच टक लावून बघत होता. आता ओरडलं तर वाद हरला.

हनोखने हाक गिळली. आणि असं काही शेवटचं भाषण ठोकलं की कळप भारावून गेला. न ओरडण्याचा ठराव मंजूर झाला आणि आनंदाच्या भरात सगळी मेंढरं एकदम ओरडली. बेंऽऽ!

ओढ्यापलीकडे मेंढपाळाने ते ऐकलं. तो धावत आला, दगड भिरकावला. लांडग्याला रिबकाच्या अर्ध्या कानावर भागवावं लागलं. मेंढपाळाने कातरीने लोकर कापून तिला मोकळं केलं.

"पाहिलंस?" हनोखचा ऊर भरून आला. "कुणी बोलावलं नाही, तरी आला!"

"सगळे ओरडले म्हणून आला, आजोबा. तुमच्या भाषणाला ओरडले. मी तिथेच होते, फक्त मला कुणी विचारात घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर परका कळप पाणी प्यायला आला. तो निघाला तेव्हा रिबकाही त्याच्यामागून निघाली.

"स्वतःच्या इच्छेने चाललीय!" अहरोन म्हणाला.

"जाणारच होती. नेमलेलंच होतं," हनोख म्हणाला.

तिला थांब म्हणायचं मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

हनोखला ती एकच नात होती.

तात्पर्य : वडील मंडळींची चर्चा चालू असताना काट्यात अडकू नये. अडकलातच, तर सुटकेचं श्रेय कुणाला द्यायचं हे ठरेपर्यंत सुटू नये. मोठ्यांचा तेवढा तरी मान ठेवावा. कान काय, अर्ध्यावरही भागतं.