क्रांतीबाईंची शिकवणी

सोमवारी सकाळी क्रांतीबाई ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि आप्पासोच्या हातातला चहा निम्मा बशीत, निम्मा विजारीवर सांडला. पन्नाशी उलटलेला गडी. सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवलेला, लेहच्या रस्त्यावर बर्फात गाडी मागं घेतलेला. इस्लामपुरात त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं बाजारात नुसता त्याचा आवाज ऐकला तरी ब्रेक मारायची. पण बाई दिसल्याबरोबर तो ताडकन उठला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"बस," बाई म्हणाल्या. तो बसला.

"मला गाडी शिकायचीय."

"कुनाला?"

"मला. नीट ऐकत जा आप्पासो."

वाडीच्या शाळेत तिसरीला आणि चौथीला आप्पासो बाईंच्या हाताखाली होता. तिसरीला तर दोनदा होता. बाई आता सदुसष्ट वर्षांच्या होत्या. केस पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती, पण काचेमागची नजर होती तशीच होती. डॉक्टरांचा दाखला, महिन्यापूर्वी काढलेलं शिकाऊ लायसन, सगळं फायलीत ओळीनं लावून आणलेलं. पक्क्या लायसनची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

पहिल्या दिवशी आप्पासो त्यांना साखर कारखान्यापलीकडच्या मोकळ्या माळावर घेऊन गेला. "बाई, ह्यो क्लच. गेर टाकायच्या आधी दाबायचा."

"का दाबायचा?"

आप्पासोला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. फौजेत उस्तादानं सांगितलं होतं, दाबायचा. म्हणून तो दाबत आला होता. "म्हंजी... दाबावाच लागतो बाई."

"उद्या नीट वाचून ये," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आप्पासो लेकीच्या मोबाइलवर क्लचची चित्रं बघत बसला. बायको सोनिया भाकरी थापता थापता पदर तोंडाला लावून हसत होती. "आवं, गाडी तुमी शिकवताय का त्या?"

"गप बस गं. सकाळी विचारतील."

बाईंनी विचारलंच. त्याला आलं. बाई "ठीक" म्हणाल्या आणि आप्पासोचा दिवस चांगला गेला. खरी अडचण निराळीच होती. बाईंना चूक सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. गाडी बांधावर चढली तरी तो म्हणायचा, "झ्याक बाई, फकस्त रस्ता जरा उजवीकडं ऱ्हायला." शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशीसुद्धा ब्रेक आणि क्लच होते. तेवढ्यावर तो निभावत होता. तिसऱ्या दिवशी बाईंच्या ते ध्यानात आलं.

"तू खालून काय करतोस?"

"काय न्हाई बाई."

"माझा पेपर तू सोडवायचा नाही. पाय जवळ घेऊन बस. आणि मी चालवत असताना मध्ये बोलू नकोस."

आप्पासोनं दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

चौथ्या दिवशी गाडी हमरस्त्याला लागली. ऊसतोड ऐन भरात होती. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उसानं शिगोशीग भरून, मोठ्यानं गाणी लावून रमतगमत चालला होता. बाई त्याच्या मागं लागल्या. मागं एक एसटी आली, तिच्यामागं दुधाचा टेम्पो, मग लग्नाची गाडी. सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले.

आप्पासोनं बोट वर केलं. बाईंनी मान हलवली. "बोल."

"बाई, ट्रॅक्टरच्या फुडं काढायला पायजे."

"पुढं काढायचं तू अजून शिकवलेलं नाहीस. न शिकवलेलं मी करणार नाही."

हे खरंच होतं. तो धडा येत्या सोमवारी होता. पुढच्या फाट्यावर ट्रॅक्टर डावीकडं वळला, ट्रॉलीवरची नजर न हलवता बाईही वळल्या. ट्रॅक्टर कारखान्याच्या कमानीतून आत गेला, बाईही गेल्या. गेटवरच्या पहारेकऱ्याला गाडीत कुणी धीरगंभीर बाई आणि शेजारी मांडी घालून बसलेला माणूस दिसला. बोर्डाची मीटिंग असावी, असं समजून त्यानं सलाम ठोकला.

आप्पासोनं पुन्हा बोट वर केलं तोवर उशीर झाला होता. गाडी कारखान्याच्या आवारात, वजनकाट्याच्या रांगेत उभी होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. पुढं सात ट्रॅक्टर, मागं बघता बघता पाच. मागं जायची सोय नव्हती. पुढं जायचं तर काट्यावरूनच.

"आपण कुठं आलो?" बाईंनी विचारलं.

"वजनाला आलो बाई."

बाईंनी गाडी बंद केली. मागचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून काचेशी आला. "ओ पाव्हणं, किती टन आनलाय?" असं म्हणून तो एकटाच हसला आणि जाताना ट्रॉलीतली एक कांडी आत देऊन गेला. बाईंनी ती गुडघ्यावर मोडून निम्मी आप्पासोला दिली. पाऊण तास दोघं ऊस खात बसले.

"बाई, एक इचारू? ह्या वयात गाडी कशापायी?"

"वाडीच्या शाळेत अकरा मुलं उरलीत," बाई म्हणाल्या. "गुरुजी एकटेच. त्यांचा निम्मा दिवस माहिती भरण्यात जातो. चौथीतल्या मुलांनाही सलग वाचता येत नाही. मी म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस येते. तर वाडीची एसटी बंद झालेली. ह्यांची गाडी दोन वर्षं दारात उभी आहे, त्यांच्या मागं कुणी हात लावलेला नाही. लेक म्हणते, विकून टाक."

आवारात उसाचा ओला, गोड वास कोंदला होता. त्या वासानं आप्पासोला जुनं आठवलं.

"बाई, मी भागाकाराला भिऊन शाळा सोडल्याली. आठवतंय? दिवसभर उसात दडून बसायचो."

"आठवतंय तर."

आप्पासोला ते दिवस कालचे वाटत होते. बाई सगळा वर्ग घेऊन थेट त्यांच्या बांधावर आल्या होत्या. झाडाला फळा टेकवला आणि आप्पासोचं नावही न काढता शिकवायला सुरुवात केली. एक दिवस, दोन दिवस. आप्पासो उसात बसून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, एक्कावन्नला सातानं भागलं तर किती? वर्गात कुणालाच येईना. बाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या. शेवटी उसातून आवाज आला, "सात बाई! उरलं दोन!"

"भरतीच्या पेपरात भागाकार आल्ता बाई," आप्पासो म्हणाला. "तवा मला बांधावरचा फळा दिसला. न्हाईतर मी आज हितंच तोडीला असतो."

बाईंनी चोथा कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.

इतक्यात त्यांची पाळी आली. काट्यावर जायला चढ होता, आणि बाईंना चढावर गाडी उचलता येत नव्हती. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडून वीतभर मागं आली. मागचा ट्रॅक्टरवाला आता हसत नव्हता. खिडकीतून काटावाला वीरधवल ओरडला, "ओ मॅडम! ऊस न्हाई, टोकन न्हाई, काट्यावर काय काम हाय तुमचं?" मागचे सगळे हॉर्न एकदम वाजायला लागले. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागं आली.

"आप्पासो, मला नाही जमणार हे," बाई हळूच म्हणाल्या. "लेक म्हणते ते बरोबर आहे."

बाईंच्या तोंडून असलं काही आप्पासोनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचा तो फौजेतला आवाज सुटला.

"न जमायला काय झालं! हॉर्नकडं बघू नगा, फुडं बघा! क्लच दाबा! पैला गेर! आता सोडा, हळू... हळू म्हनलं ना! गाडी थरथरली? तितंच पाय धरा! द्या आता रेस!"

गाडी गुरगुरली आणि एका दमात चढावर गेली. काट्यावर ती क्षणभर थांबली. वीरधवलनं सवयीनं वजनाची पावती फाडली. मग गाडी पलीकडं उतरली, आवाराला वळसा घालून गेटाबाहेर आली आणि लिंबाच्या सावलीत थांबली.

आप्पासोला आपण काय केलं ते आत्ता उमगलं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "बाई, चुकलं. तुमच्यावर वरडलो."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला, परत घातला.

"चढ छान आहे इथला," त्या म्हणाल्या. "उद्या परत इथंच येऊ. सराव होईल."

"न्हाई," आप्पासो म्हणाला. आपल्याच शब्दानं तो दचकला, पण आता थांबला नाही. "उद्या सादा रस्ता. फुडं कसं काढायचं ते शिकायचं. अन् मधी मी बोलनार. तुमी ऐकायचं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गाडी सुरू केली.

"बरं, सर."

आप्पासो सावरून बसला आणि कोण सर आले म्हणून मागच्या काचेतून बघायला लागला.