मामाच्या खिशातला शेंदूर

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवले, तेही देवीला मध्ये घालून.

दशरथमामाच्या खिशात शेंदराची पुडी असते. जी वस्तू द्यायची नाही तिला तो बोट लावतो. सायकलच्या सीटला लावले, आंब्याला लावले, एकदा तर टॉर्चला. "देवाचं झालं गा आता." मागणारा हात जोडून परत.

गावच्या तलावावरून आम्हा ढिवरांचे दोन मोहल्ले दोन वर्षे भांडत होते. जाळी कापली गेली, डोकी फुटली. शेवटी तहाला बसलो. वरच्या मोहल्ल्याकडून मी. टोपली डोक्यावर घेऊन मासे विकत टेम्पोपर्यंत आलेला माणूस, सौदा मला कळतो. खालच्या मोहल्ल्याकडून मामा.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन उभे. मामा आधी माझ्या पाया पडला. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायचेच असते. मग मांडी ठोकून बसला.

मी अट टाकली. तलाव अर्धा अर्धा, आणि इकडच्याने तिकडे पाय ठेवायचा नाही.

"बाया बी?" मामाने विचारले.

"बाया बी. काहून, तुमच्या बाया मासे नाही धरत?"

मामा उठला, हद्दीवरच्या काळ्या खडकाकडे गेला आणि त्याला शेंदूर फासला. तलावातली सगळ्यात मोठी मरळ त्याच खडकाखाली असते.

"देवीची जागा वाटता येत नाही, भासा. कोणीबी यावं, हात जोडावे. जाळं टाकू नये."

काठ्या उचलल्या गेल्या. मी ओरडलो, "कालपर्यंत तिथं म्हशी बसत होत्या, मामा!"

"देवी बी बसत होती. तुले दिसली नाही."

मी वळून पाहिले, तर माझीच माणसे काठ्या खाली ठेवून हात जोडत होती. खडक गेला. तह झाला.

मामा तिथे चोरून जाळे टाकणार, याची मला खात्री होती. शुक्रवारी सकाळी बेशरमाच्या झुडपांत दबा धरून बसलो. मामा आला. जाळे नव्हते. खडकावर बसून आमच्या बाजूला पाहत राहिला.

थोड्या वेळाने आमच्या बाजूने नारळ घेऊन एक बाई आली. माझी माय. भांडण पेटल्यापासून तिने माहेरचा उंबरठा पाहिला नव्हता.

"दादा, किती वाळला गा."

"तुह्या पोरानं वाळवलं," मामा म्हणाला आणि नारळ फोडून पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

मी झुडपातून हललो नाही. पण राग गेलेला नाही. बहिणीला भेटायचे आहे, एवढे तोंडाने मागितले असतेस तर मी नाही म्हटले असते का? जवाब दे, मामा. आणि पाया पडून टाळू नको.