शून्य घोड्यांचा अहवाल

आमच्या बेंगळूरच्या कचेरीतले व्यंकटअण्णा दर महिन्याच्या एक तारखेला छत्री घेऊन मागच्या तबेल्यात जात आणि तिथे घोडा नाही याची खात्री करून येत.

कचेरीचा शेवटचा घोडा मरून इतकी वर्षं लोटली होती, की एव्हाना पुनर्जन्म घेऊन तो आमच्यातच कारकून म्हणून लागला असावा. हेडक्लार्कच्या शिंकेवरून मला तर संशय होताच! पण घोड्यांचा मासिक अहवाल आनेकलच्या कचेरीला जायलाच हवा.

"अण्णा, बसल्या जागी 'निरंक' लिहा की!"

"न बघता निरंक? आणि आत असला तर? स्वल्प विचार कर रे!"

गव्हाणीत वाकून, खोगिराच्या खुंटीमागेही डोकावून, मगच सही.

आनेकलहून भीमराव नावाच्या कारकुनाची पोच येई. खाली पेन्सिलीने एक ओळ: "घोडा नाही, समजले. खोकला कसा आहे?" पुढच्या अहवालाच्या शेऱ्यात अण्णा लिहीत, "घोडे: नाहीत. खोकला: आहे." चौदा वर्षं हे चाललं होतं आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मल्लेश्वरमच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या अण्णांना दुसरं कुणाचं पत्र येत नसे.

मग सरकारने कायदाच केला: निरुपयोगी अहवाल बंद! आम्ही म्हैसूरपाक वाटला. रद्द अहवालांची यादी आली, ती अंथरली असती तर थेट यशवंतपूर स्टेशनात पोचली असती. अण्णांनी तिच्यात आपले घोडे शोधले आणि चष्मा पुसत बसले.

"खोकल्याचं आता कुणाला कळवायचं रे?" एवढंच म्हणाले.

एक तारखेला ते जागचे हलले नाहीत. आठ तारखेला दारात एक बुटके, घामाघूम गृहस्थ उभे. "आनेकलहून आलोय. घोड्यांचा अहवाल आला नाही. न आल्यास समक्ष चौकशी करावी, असा नियम आहे."

"अहो, अहवाल रद्द झाला!" हेडक्लार्क शिंकले.

"अहवाल झाला. चौकशी कुठे रद्द झाली? दाखवा यादीत."

आम्ही अख्खी यादी पालथी घातली. खरंच नव्हती!

अण्णा उठले. "भीमराव?"

"खोकला कसा आहे?"

एका छत्रीखाली दोघे तबेल्यात गेले. "बघा, घोडा नाही." "सरी, बरोबर, नाही." त्यानंतर दोन तास तिथून असं हसणं ऐकू येत होतं, की बारा घोडे बांधलेत असं वाटावं.

पुढच्या महिन्यात मी म्हटलं, "अण्णा, आता सरळ पोस्टकार्डच टाका ना त्यांना."

"छे! काही कळवलं तर तो चौकशीला कशाला येईल?"

आणि एक तारखेला अण्णांनी तबेला स्वतः झाडला, आत दोन खुर्च्या मांडल्या आणि कुणाला काहीही न कळवता आठ तारखेची वाट बघायला लागले.